वाचकांचे प्रश्न : निलंबन, बदली, रोखलेली वेतनवाढ – यांतली शिक्षा कोणती?

या महिन्यात शासकीय सेवेतील वाचकांची जी पत्रे आली, त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच आहे : मला शिक्षा झाली, पण तिला शिक्षा म्हणायला कोणी तयार नाही. हा शब्दांचा खेळ नाही. एखादा आदेश ‘शिक्षा’ ठरला की त्याच्या आधी आरोप लेखी कळवणे, खुलासा घेणे आणि बहुतेक गंभीर बाबतींत चौकशी करणे प्रशासनाला भाग पडते. तो शिक्षा ठरला नाही, तर यातले बरेचसे टाळता येते. म्हणून या वेळी एकाच विषयावरची पत्रे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. रोकडवहीतील एका नोंदीच्या संशयावरून मला सात महिन्यांपूर्वी निलंबित केले. अद्याप दोषारोपपत्र मिळालेले नाही. मूळ वेतन ३०,५०० रुपये होते, निर्वाह भत्ता (निलंबनाच्या काळात वेतनाऐवजी मिळणारी रक्कम) पहिल्या महिन्यापासून निम्माच मिळतो आहे. विचारले तर ‘निलंबन ही शिक्षा नव्हे’ एवढेच उत्तर मिळते. गावात मात्र मी शिक्षा झालेला माणूस आहे. खरे काय समजायचे?

उत्तर : तुम्हाला मिळालेले उत्तर नियमाला धरून आहे, पण ते अर्धेच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांतील नियम ५ मध्ये शिक्षांची यादी आहे. ठपका ठेवणे, पदोन्नती रोखणे, निष्काळजीपणामुळे किंवा आदेश मोडल्यामुळे शासनाचे झालेले आर्थिक नुकसान वेतनातून वसूल करणे आणि वेतनवाढी रोखणे या किरकोळ शिक्षा. वेतनाच्या खालच्या टप्प्यावर किंवा खालच्या पदावर आणणे, सक्तीने सेवानिवृत्त करणे, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फ करणे या जबर शिक्षा. शेवटच्या दोहोंत फरक एवढाच की काढून टाकलेल्या माणसाला पुन्हा शासकीय नोकरीचा दरवाजा बंद होत नाही, बडतर्फ झालेल्याला तो सर्वसाधारणपणे बंद होतो. या यादीत निलंबन नाही. ते नियम ४ मध्ये वेगळे ठेवले आहे, कारण ते चौकशी निर्वेध व्हावी, कागदपत्रांना आणि साक्षीदारांना हात लागू नये यासाठीचे तात्पुरते पाऊल आहे. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत असलेला कर्मचारी निलंबित झाला असे मानले जाते, यावरूनही निलंबनाचा दोषसिद्धीशी संबंध नाही हे दिसते.

ही यादी दुधारी आहे हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जे यादीत नाही ते शिक्षा नाही, हे तर खरेच. पण जे यादीत नाही ते शिक्षा म्हणून देताही येत नाही. उत्तर प्रदेशातील एका पोलीस उपनिरीक्षकाचे सचोटी प्रमाणपत्र एका वर्षासाठी शिक्षा म्हणून रोखले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने विजय सिंग प्रकरणात (२०१२) तो आदेश रद्द केला. त्याचे कारण हेच की नियमांत अशी शिक्षाच नव्हती. तेव्हा ज्या निलंबनाला प्रशासन स्वतः ‘शिक्षा नव्हे’ म्हणते, ते निलंबन शिक्षेसारखे वापरण्याचा अधिकारही प्रशासनाला राहत नाही. तुमच्या साहेबांनी न सांगितलेला अर्धा भाग हा आहे.

आता तुमच्या पत्रातील आकड्यांकडे येतो. निलंबनाच्या काळातील प्रदानांबाबतचे १९८१ चे जे नियम आहेत, त्यांतील नियम ६८ प्रमाणे निर्वाह भत्ता अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका असतो. तुमच्या बाबतीत तो १५,२५० रुपये आणि त्यावरील महागाई भत्ता इतका होतो. पहिल्या तीन महिन्यांनंतर मात्र हा भत्ता त्याच्या निम्म्या रकमेपर्यंत वाढवता येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत आणखी ७,६२५ रुपये मिळून २२,८७५ रुपयांपर्यंत. अट अशी की निलंबन लांबण्याचे कारण तुम्ही नसावे. दोषारोपपत्रच आलेले नसताना विलंब तुमच्यामुळे झाला असे कोण म्हणू शकेल? वाढीसाठी लेखी अर्ज करा, त्याची पोच घ्या, आणि या काळात दुसरी नोकरी वा व्यवसाय करीत नसल्याचे प्रमाणपत्र दर महिन्याला न चुकता देत जा. हे प्रमाणपत्र न दिल्यामुळे भत्ता अडकलेली माणसे मी आस्थापना शाखेत असताना अनेकदा पाहिली आहेत. दोष कोणाचाही असो, उपाशी राहतात ते घरातले लोक.

दुसरा मुद्दा दोषारोपपत्राचा. अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की तीन महिन्यांच्या आत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येऊ नये. महाराष्ट्र शासनानेही २०१९ मध्ये शासन निर्णय काढून ही मुदत आपल्या कार्यालयांना कळवली आहे. तुम्हाला तर सात महिने झाले आहेत. या दोन्हींचा उल्लेख करून निलंबन मागे घेण्याचा अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे करा. उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे, जाण्याचा मार्ग मोकळा आहे.

शेवटी, निलंबन संपल्यावर नियम ७२ खाली एक आदेश निघतो, आणि निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरायचा की नाही हे त्यात ठरते. तो काळ कर्तव्यकाळ न धरणे ही यादीतली शिक्षा नाही. तरी त्याने वेतन, वेतनवाढ आणि निवृत्तिवेतन या तिन्हींवर घाव पडतो. एम. गोपाळकृष्ण नायडू प्रकरणात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की असा आदेश देण्यापूर्वी कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे. म्हणून नोटीस न देता तुमचा काळ ‘निलंबन म्हणूनच’ धरला गेला, तर तो आदेश तसाच स्वीकारू नका.

प्रश्न : मी गट-ब अधिकारी आहे. सध्याच्या जागी एक वर्ष चार महिने झाले होते. एका स्थानिक पुढाऱ्याने माझ्याविरुद्ध तक्रार केली आणि बाविसाव्या दिवशी, ऑगस्टमध्ये, ‘प्रशासकीय कारणास्तव’ माझी दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. तक्रारीची चौकशी झाली नाही, मला विचारलेही नाही. बदली ही शिक्षा आहे का?

उत्तर : बदली ही शिक्षा नाही. ती नोकरीची अंगभूत अट आहे, आणि गैरसोय झाली म्हणून न्यायालय त्यात पडत नाही. परंतु शिक्षेच्या ऐवजी केलेली बदली हा निराळा प्रकार आहे. सोमेश तिवारी प्रकरणात (२००८) एका निनावी तक्रारीवरून एका वरिष्ठ महसूल अधिकाऱ्याची दूरवर बदली झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रशासनाला बदलीचा अधिकार असला, तरी शिक्षेच्या जागी म्हणून केलेली बदली टिकणार नाही. आरोप खरा वाटतो तर चौकशी करावी, तो खोटा निघाला तर सोडून द्यावा. चौकशीही करायची नाही आणि माणसाला उचलून दुसरीकडे टाकायचे, हा मधला रस्ता कायद्याला मान्य नाही.

महाराष्ट्रात तर तुमच्या हाती यापेक्षाही ठोस आधार आहे. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे गट-ब अधिकाऱ्याचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे आणि बदल्या सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या आहेत. पदावधी पुरा होण्याआधी बदली करायची झाल्यास ते विशेष प्रकरण असावे लागते, त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते.

तेव्हा आदेशाचा कागद पुन्हा एकदा नीट वाचा. वरच्या बाजूला जिथे ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून बारीक अक्षरांत ओळी असतात, तिथे पाहा. मजकुरात ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच लिहिलेले असते, पण अनुक्रमांक १ वर कित्येकदा ती तक्रारच तारखेसह उभी असते. संदर्भात नसेल, तर माहितीच्या अधिकारात या बदलीच्या नस्तीतील (फाईलमधील) टिपणी आणि बदल्यांची शिफारस करणाऱ्या नागरी सेवा मंडळाच्या शिफारशीची प्रत मागा. बदलीचे खरे कारण आदेशात क्वचितच असते, टिपणीत ते बहुधा असतेच. टिपणीत ‘तक्रारीच्या अनुषंगाने’ असे शब्द सापडले आणि चौकशीचा कागद सापडला नाही, तर मॅटपुढे मांडायची तुमची बाजू तयार झाली असे समजा. रुजू होण्यास नकार मात्र देऊ नका. रुजू होऊन दाद मागता येते; नकार दिलात तर आजवर नसलेले गैरवर्तनाचे कारण तुम्ही स्वतःच पुरवाल.

प्रश्न : मी शासकीय रुग्णालयात काम करते. औषधसाठ्याच्या नोंदीत चूक झाली म्हणून कारणे दाखवा नोटीस आली, मी खुलासा दिला आणि महिन्याभरात ‘एक वेतनवाढ कायमस्वरूपी रोखण्यात येत आहे’ असा आदेश मिळाला. वेतनवाढ रोखणे ही किरकोळ शिक्षा आहे, तिला चौकशी लागत नाही, असे कार्यालय म्हणते. माझ्या सेवेची वीस वर्षे राहिली आहेत.

उत्तर : ताई, तुमच्या आदेशातला महत्त्वाचा शब्द ‘वेतनवाढ’ नसून ‘कायमस्वरूपी’ हा आहे. तुमचे मूळ वेतन पत्रात नाही, म्हणून वरच्याच वाचकाचे उदाहरण घेऊ. ३०,५०० रुपयांवरून पुढची वेतनवाढ मिळाली की वेतन ३१,४०० रुपये होते, म्हणजे वाढ ९०० रुपयांची. ही वाढ एका वर्षासाठी तात्पुरती रोखली, तर नुकसान ९०० गुणिले १२, म्हणजे १०,८०० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता. वर्ष संपले की कर्मचारी पुन्हा आपल्या जागी येतो. तीच वाढ कायमची रोखली, तर पुढच्या प्रत्येक वेतनवाढीच्या वेळी तो एक पायरी खालीच राहतो. वीस वर्षांत हे नुकसान, दर महिन्याला केवळ ९०० रुपयेच धरले तरी, २,१६,००० रुपयांचे होते. प्रत्यक्षात ते याहून मोठे असते, कारण वरच्या टप्प्यांवर वाढीची रक्कमही वाढत जाते, आणि त्यानंतर निवृत्तिवेतनही कमी वेतनावरच बेतले जाते.

हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने कुलवंतसिंग गिल प्रकरणात (१९९०) ठरवले की पुढील वेतनवाढींवर परिणाम होईल अशा रीतीने वाढ रोखणे म्हणजे वस्तुतः वेतनाच्या खालच्या टप्प्यावर आणणे होय. ती जबर शिक्षा आहे आणि रीतसर विभागीय चौकशीशिवाय ती देता येत नाही. आपल्या नियमावलीतही किरकोळ शिक्षांच्या कार्यपद्धतीचा जो नियम १० आहे, त्यातच अशा प्रसंगी नियम ८ प्रमाणे चौकशी करण्याचे बंधन घातले आहे. कार्यालयाने यादीत ‘वेतनवाढी रोखणे’ हे शब्द किरकोळ शिक्षांच्या रांगेत पाहिले आणि तिथेच वाचणे थांबवले.

मुदतीत अपील करा आणि अपिलात हा मुद्दा पहिला घ्या; साठ्याच्या नोंदीतली चूक कशी झाली, हे त्यानंतर लिहा. आधी घडलेल्या प्रकाराची कहाणी लिहिली की वाचणारा अधिकारी चूक झाली का याच विचारात अडकतो, आणि शिक्षा देण्याची रीत चुकली हा तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा तळाशी जातो. चौकशी नव्याने करण्यास प्रशासन मोकळे राहील, हेही मनाशी धरून ठेवा. आदेश रद्द झाला म्हणजे आरोप संपला असे होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा परिविक्षाधीन (प्रोबेशनवर) होता. त्याची सेवा ‘समाधानकारक नसल्याने’ संपुष्टात आणली. त्याच्या दोन दिवस आधी सहकाऱ्याशी झालेल्या भांडणाबद्दल त्याचा जबाब घेतला होता. परिविक्षाधीन माणसाला काहीच हक्क नसतात का?

उत्तर : हक्क कमी असतात, पण मुळीच नसतात असे नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी सुरुवातीच्या काळातच आला. पुरुषोत्तमलाल धिंग्रा हे रेल्वेतील कर्मचारी वरच्या पदावर स्थानापन्न, म्हणजे कायम नेमणूक नसताना, काम करीत होते. प्रतिकूल गोपनीय अहवालानंतर त्यांना मूळ पदावर परत पाठवले गेले. चौकशीशिवाय बडतर्फ वा पदावनत करता येणार नाही असे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मधील ही ‘पदावनती’ आहे, म्हणजे शिक्षा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९५७ च्या निकालात बहुमताने दोन कसोट्या सांगितल्या : त्या पदावर कर्मचाऱ्याचा हक्क होता का, आणि आदेशाने त्याच्यावर वेतन, ज्येष्ठता वा पुढील बढती गमावण्यासारखे दुष्परिणाम लादले गेले का. या कसोट्यांवर धिंग्रा हरले.

त्या पीठावर न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस होते, जे त्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी भिन्नमत नोंदवले. करार वा नियमानुसार सेवा संपल्यावर जे होते, त्याहून अधिक वाईट परिणाम माणसाला भोगावे लागतात का, एवढेच पाहावे, अशी त्यांची भूमिका होती. मला स्वतःला हे भिन्नमत माणसाच्या अनुभवाच्या अधिक जवळचे वाटते. पुढे न्यायालयेही आदेशाच्या शब्दांआड पाहू लागली. शमशेरसिंग प्रकरणात (१९७४) आदेशाच्या रूपापेक्षा त्याचे सार पाहण्यावर भर दिला गेला. अनुप जयस्वाल प्रकरणातील (१९८४) घटना तर तुमच्या मुलाला जरूर सांगा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत, १९८१ च्या जूनमध्ये, पावसाच्या दिवशी पहाटेच्या कवायतीला प्रशिक्षणार्थी सुमारे बावीस मिनिटे उशिरा पोहोचले. त्यांतल्या एकाला म्होरक्या ठरवून, खुलासा घेऊन, पण चौकशी न करता सेवामुक्त केले गेले. आदेशात दोषाचा एकही शब्द नव्हता. तरी न्यायालयाने पाहिले की आदेशाचा खरा पाया तो उशीर आणि म्होरकेपणाचा आरोप हाच आहे. आदेश रद्द झाला आणि त्यांना सेवेत परत घेण्यात आले.

तुमच्या मुलाच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे. भांडण हे केवळ निमित्त झाले, आणि आधीपासून त्याचे काम कमी पडत असल्याच्या नोंदी व लेखी सूचना असतील, तर आदेश टिकेल. भांडण हाच आदेशाचा पाया असेल, तर चौकशीशिवाय काढणे ही शिक्षा ठरेल. परिविक्षा काळातले सर्व अहवाल आणि तो जबाब, यांच्या प्रती तारखांसह मिळवा आणि कोणता कागद आधी आला ते पाहा. जबाबाआधी कामाबद्दल एकही प्रतिकूल कागद नसेल, तर वकिलाकडे जाण्यास उशीर करू नका.

आणखी काही पत्रे, थोडक्यात.

‘सक्त ताकीद’ मिळालेल्या वाचकास : नियम ५ च्या यादीत ताकीद नाही, ठपका आहे. तुमच्या आदेशात ‘ठपका ठेवण्यात येत आहे’ असे शब्द नसतील, तर ही शिक्षा म्हणून पदोन्नतीच्या आड आणता येत नाही. मात्र ताकिदीची सावली कार्यमूल्यमापन अहवालात पडली असेल, तर तो अहवाल मागून घ्या. देव दत्त प्रकरणापासून (२००८) अहवालातील प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवणे आवश्यक मानले गेले आहे, मग ती वरवर चांगली का असेना.

विभागीय परीक्षा उत्तीर्ण न झाल्याने वेतनवाढ थांबलेल्या भगिनीस : नियम ५ खालील स्पष्टीकरणातच हे शिक्षा नसल्याचे म्हटले आहे. अपिलात वेळ घालवण्याऐवजी परीक्षेची तयारी करावी. पन्नाशीनंतर सेवेचे पुनर्विलोकन होऊन निवृत्तिवेतन नियमांखाली मुदतपूर्व सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थांनाही हेच स्पष्टीकरण लागू आहे. ती निवृत्ती आणि शिक्षा म्हणून दिलेली सक्तीची सेवानिवृत्ती या नावाने सारख्या दिसल्या तरी वेगळ्या आहेत.

सेवानिवृत्तीला आठ महिने उरले असताना वेतननिश्चितीतील जुन्या चुकीपोटी वसुलीचा आदेश आलेल्या गट-क कर्मचाऱ्यास : ही वसुली नुकसानभरपाईची शिक्षा नाही, कारण तुमच्यावर निष्काळजीपणाचा आरोपच नाही. परंतु शिक्षा नाही म्हणून ती आपोआप वैध ठरत नाही. रफिक मसीह प्रकरणात (डिसेंबर २०१४) सर्वोच्च न्यायालयाने गट-क व गट-ड कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा एका वर्षाच्या आत निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम घेत आलेले, अशांकडून वसुली करू नये असे सांगितले आहे. तुम्ही यांतल्या निदान दोन प्रकारांत बसता. मात्र वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा प्रदान झाल्यास परत करीन’ असे हमीपत्र तुमच्याकडून घेतले होते का, ते सेवापुस्तकात आधी तपासा. एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात २०१६ मध्ये अशाच हमीपत्रामुळे वसुली मान्य झाली होती. हमीपत्र सापडले, तर ते अधिकारी वरच्या गटातील होते आणि तुम्ही गट-क मधील आहात, हा फरक अर्जात स्पष्ट मांडा, आणि पहिला हप्ता कापला जाण्याआधी अर्ज द्या.